जुनी सदनिका घेण्याआधीची तपासणी: दुरुस्तीच्या तीन अंदाजांत आठपट फरक असेल तर विश्वास कोणावर ठेवावा?

गच्चीखालचे_घर

डोंबिवली पूर्वेला १९९४ साली बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत शेवटच्या मजल्यावरची एक सदनिका आम्ही पाहिली आहे. चटई क्षेत्र ४७० चौरस फूट आहे, स्थानक चालत बारा मिनिटांवर आहे, आणि मुलीची शाळा बदलावी लागणार नाही, म्हणून आम्हा दोघांना ती मनापासून आवडली. शयनगृहाच्या छताला अगदी ताजा रंग दिलेला आहे, न्हाणीघराच्या छतावर तपकिरी डाग आहेत, आणि बाल्कनीच्या बीमला खालच्या बाजूने एक लांब सरळ भेग गेली आहे. विक्रेत्यांचे म्हणणे असे की ही केवळ पावसाळ्यातली ओल आहे आणि रंगकाम केले की पुरे होईल.

आम्ही तीन जणांकडून दुरुस्तीचे अंदाज घेतले. पहिल्याने पुट्टी, जलरोधक रंग आणि भेग बुजवणे यासाठी ८५ हजार सांगितले. दुसऱ्याने गच्चीवर रासायनिक लेप आणि आतून नवा गिलावा धरून २ लाख ६० हजार सांगितले. तिसऱ्याने छताचा गिलावा पूर्ण काढून सळया उघड्या कराव्या लागतील, बीमला जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचे आवरण) करावे लागेल आणि दोन्ही न्हाणीघरे फोडावी लागतील, असे म्हणत ६ लाख ८० हजारांचा कागद हातात ठेवला. एकाच घराकडे पाहून तीन अनुभवी माणसे इतके वेगवेगळे आकडे देत असतील, तर विक्रेत्यांशी किमतीची बोलणी नेमक्या कोणत्या आकड्यावर करावी? बँकेचे मूल्यांकनकर्ते येऊन गेले आणि त्यांनी घर योग्य ठरवले, यावरही माझे पती थोडे निर्धास्त झाले आहेत. मला मात्र झोप लागत नाही.

खातेवही

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून शेवटच्या मुद्द्याबद्दल आधी लिहितो. बँकेच्या मूल्यांकनाचा हेतू एवढाच असतो की कर्ज बुडाले तर हे तारण विकून किती रक्कम वसूल होईल. मूल्यांकनकर्ता क्षेत्रफळ, मंजूर नकाशा, परिसरातले दर आणि इमारतीचे उरलेले अंदाजे आयुष्य पाहतो. तो छतावर हातोडी मारत नाही आणि सळई उघडी करून पाहत नाही, कारण ते काम त्याला सांगितलेलेच नसते. वकिलाच्या शोध अहवालाचेही तसेच आहे. तो मालकीहक्क तपासतो, भिंत तपासत नाही. हे दोन्ही अहवाल तुमच्या पैशाने होतात, पण ते बँकेसाठी असतात. घराच्या प्रकृतीबद्दल तुमच्या बाजूने पाहणारा कोणीही या संपूर्ण व्यवहारात आपोआप येत नाही, तो तुम्हालाच आणावा लागतो.

स्थापत्य_२२

मी स्थापत्य अभियंता आहे आणि इमारतींची संरचनात्मक तपासणी हाच माझा व्यवसाय आहे. माझे मत असे की तिन्ही अंदाज देणाऱ्यांनी तुम्हाला फसवले असेलच असे नाही. त्या तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. पहिल्याने घर पुन्हा चांगले कसे दिसेल हे सांगितले, दुसऱ्याने पाणी गच्चीतूनच येते असे गृहीत धरून ते कसे थांबवावे हे सांगितले, आणि तिसऱ्याने सर्वांत वाईट शक्यता खरी मानून रक्कम काढली. बिघाड नेमका कोणता आहे, हे तिघांपैकी कोणीही तपासलेले नाही.

बाल्कनीच्या बीमची भेग खालच्या बाजूने, लांब आणि सरळ गेलेली आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ती सळईला समांतर असावी. भेगेची दिशा फार काही सांगते. गिलाव्याच्या आकुंचनाच्या भेगा जाळीसारख्या, केसासारख्या, वाटेल तशा पसरलेल्या असतात. सळईच्या रेषेत धावणारी भेग बहुतेक वेळा आतल्या गंजाची असते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या कित्येक पट वाढते, त्या दाबाने काँक्रीटचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतो, फुटलेल्या जागेतून हवा आणि पाणी आणखी सहज आत जाते, आणि मग गंजाचा वेग वाढतो. अशा भेगेवर पुट्टी भरली तर दोन पावसाळ्यांत ती पुन्हा दिसते, आणि तोपर्यंत सळईची जाडी आणखी कमी झालेली असते.

हे मुळात का घडते, तेही सांगतो, कारण त्यावरच चाचण्यांचा अर्थ अवलंबून आहे. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि त्या क्षारतेत सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट होते, आणि सामू नऊच्या खाली घसरला की तो थर नाहीसा होतो. याला कार्बोनेशन म्हणतात. काँक्रीटचा ताजा फोडलेला पृष्ठभाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले, की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला आहे की नाही, एवढा एकच प्रश्न अनेकदा ८५ हजार आणि पावणेसात लाख यांतला निर्णय करून टाकतो.

बाकीच्या चाचण्याही माहीत असाव्यात. कव्हर मीटरने सळईवर किती मिलिमीटर काँक्रीट आहे ते कळते. भारतीय मानक ४५६ नुसार सौम्य परिस्थितीतही किमान २० मिलिमीटर कव्हर अपेक्षित असते आणि परिस्थिती जितकी तीव्र तितके ते वाढत जाते, पण त्या काळातल्या अनेक बाल्कन्यांत आणि छज्ज्यांत मला त्याच्या निम्मेही आढळत नाही. अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते मोजतात. आपल्याकडे २०१८ पर्यंत दीर्घकाळ वापरात असलेल्या मानकानुसार सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वरचा वेग चांगला आणि तीन किलोमीटरच्या खालचा शंकास्पद मानत. सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वाचन आले, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरली जाते. रिबाउंड हॅमर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लोकप्रिय आहे, पण ती पृष्ठभागाच्या कठीणपणाची चाचणी आहे, आणि कार्बोनेशनमुळे पृष्ठभाग उलट कठीण होतो. म्हणून जुन्या इमारतीत केवळ हॅमरच्या आकड्यांवर लिहिलेला समाधानकारक अहवाल मी स्वीकारत नाही.

या सर्व चाचण्या एका सदनिकेच्या खरेदीसाठी कराव्या लागत नाहीत. नजरेने बारकाईने पाहणी, छतावर हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज ऐकणे, ओलावामापक, कव्हर मीटर आणि विक्रेत्यांच्या परवानगीने दोन-तीन ठिकाणी लहान छिद्रे पाडून कार्बोनेशनची तपासणी, एवढे अर्ध्या दिवसात होते. माझ्या अनुभवात यासाठी साधारण १२ ते १८ हजार रुपये लागतात. आजपासून एक गोष्ट स्वतः करा: डागांच्या कडा पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहा. डाग कोरड्या दिवसांतही वाढत असेल, तर ते पावसाचे पाणी नाही.

पर्वतीपायथा

स्थापत्य_२२ यांच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. सहकारी संस्थेत बीम, कॉलम, स्लॅब आणि गच्ची या गोष्टी सर्वांच्या असतात. एका खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने त्यांची तपासणी करून काय साधणार? दोष सापडला तरी तो दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यात सहकारनगर भागात मी १५ हजार रुपये देऊन अशी तपासणी करून घेतली, अहवाल विक्रेत्यांना दाखवला, आणि त्यांनी चार दिवसांत ते घर दुसऱ्या ग्राहकाला विकले. माझे पैसे गेले आणि घरही गेले. बाजार विक्रेत्याच्या बाजूने झुकलेला असताना तपासणी ही परवडणारी गोष्ट नाही, असे मला वाटते.

जर्सीकर

मी गेली सोळा वर्षे न्यू जर्सीत राहतो. इथे घर घेताना तपासणी हा व्यवहाराचाच एक टप्पा असतो, म्हणून थोडे लिहितो.

आपला प्रस्ताव स्वीकारला गेला, की आधी तीन कामकाजी दिवस वकिलांच्या पडताळणीसाठी मिळतात, आणि त्यानंतर करारात ठरलेल्या मुदतीत खरेदीदार स्वतःच्या खर्चाने परवानाधारक तपासनीस आणतो. तो छप्पर, तळघर, विजेचे फलक, बॉयलर, नळ, खिडक्या अशा सर्व गोष्टी दोन-तीन तास पाहतो आणि छायाचित्रांसह अहवाल देतो. मुदतीच्या आत गंभीर दोष निघाला, तर करारातल्या अटीनुसार दुरुस्ती मागता येते, किंमत कमी करून घेता येते किंवा व्यवहार मोडता येतो. या अटीमुळे तपासणीला वजन येते. पर्वतीपायथा यांच्या बाबतीत ही अटच नव्हती. त्यांनी तपासणी आधी केली आणि करार नंतर करायचा ठेवला, म्हणून विक्रेता मोकळा राहिला.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तपासनीस केवळ दिसेल तेवढेच पाहतो, तो भिंत उघडत नाही. जमिनीखालची सांडपाण्याची वाहिनी कॅमेरा घालून पाहणे, वाळवीची तपासणी आणि जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी रेडॉन वायूचे मापन या गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. रेडॉनचे प्रमाण लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक आले तर उपाययोजना करावी, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची सूचना आहे. आमच्या राज्यातल्या जुन्या घरांत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे अंगणात पुरून विसरलेली तेलाची टाकी. पूर्वी घर तापवायला तेल वापरत आणि टाक्या जमिनीत पुरत. गॅस आल्यावर टाक्या तशाच राहिल्या. अशी टाकी गळली असेल तर माती काढून नेण्याचा खर्च दहा-दहा हजार डॉलरांच्या पटीत जातो आणि तो नव्या मालकावर येऊ शकतो. आम्ही पाहिलेल्या पहिल्याच घरात अशी टाकी जमिनीखालचे शोधणाऱ्या यंत्राने केलेल्या काही शे डॉलरांच्या तपासणीत सापडली आणि आम्ही ते घर सोडून दिले. त्या घराची मुख्य तपासणी उत्तम आली होती, हे मुद्दाम नोंदवतो.

सचिव_तिसरी_खेप

मी ठाण्यातल्या ३२ सदनिकांच्या एका संस्थेचा सचिव आहे. आमची इमारत १९९३ सालची आहे. पर्वतीपायथा यांनी मांडलेला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. इमारत सामाईक आहे म्हणूनच खरेदीदाराने संस्थेच्या अवस्थेची तपासणी केली पाहिजे, कारण तो एका घराबरोबर ३२ घरांच्या दुरुस्तीतला हिस्साही विकत घेत असतो.

आमचेच उदाहरण देतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) हा सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के गोळा करायचा असतो. हा बांधकाम खर्च मूळ काळातला धरला जातो आणि त्यात जमिनीची किंमत येत नाही. आमच्याकडे तो सदनिकेमागे सुमारे २ लाख रुपये होता. म्हणजे सिंकिंग फंड वर्षाला ५०० रुपये आणि दुरुस्ती निधी १,५०० रुपये. ३२ सदनिकांचा सिंकिंग फंड वर्षाला १६ हजार, आणि तीस वर्षांचा, व्याज सोडून, ४ लाख ८० हजार. दोन वर्षांपूर्वी आमच्या दुरुस्तीची निविदा ४५ लाखांची आली, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५३ लाख १० हजार झाले, म्हणजे दर घरामागे सरासरी १ लाख ६६ हजार रुपये. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ आम्ही तीस वर्षे ‘पुरेसे’ असा लावला. सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो, पण तसा ठराव आमच्याकडे एकदाही झाला नाही.

याच्या जोडीला पुनर्विकासाची आशा होती. आज ना उद्या इमारत पाडायचीच आहे, मग तिच्यावर पैसे कशाला घालायचे, असे म्हणत आम्ही आठ वर्षे घालवली. त्या काळात दोन विकासकांशी बोलणी झाली आणि दोन्ही फिसकटली. आठ वर्षांपूर्वी तपासणीत आलेले काम केवळ बाल्कन्या आणि छज्जांपुरते होते. आता त्यात तळमजल्याचे सहा कॉलम आले आहेत. ज्या सभासदांनी तेव्हा ठरावाला विरोध केला त्यांना मी दोष देत नाही, कारण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला एकरकमी पैसे उभे करणे खरोखर कठीण असते. पण वाट पाहण्याची किंमत आम्ही सर्वांनी मिळून मोजली.

उपविधींतच असे सांगितले आहे की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी. शिवाय ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीला मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये आणि इतर महापालिकांत कलम २६५-अ अन्वये ती बंधनकारक आहे. तेव्हा गच्चीखालचे_घर यांनी विक्रेत्यांमार्फत संस्थेकडून शेवटचा अहवाल, गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते, दोन्ही निधींची शिल्लक आणि विशेष वर्गणीचा काही ठराव झाला आहे का, एवढी माहिती लेखी मागवावी. अहवालच नाही असे उत्तर आले, तर तेही एक उत्तर आहे.

जांभादगड

वरील चर्चा सिमेंटच्या इमारतींची आहे, पण गावाकडच्या घरांनाही हेच लागू पडते, म्हणून थोडक्यात लिहिते. दापोलीजवळ आमचे जांभ्या दगडाचे कौलारू घर आहे. आजोबांच्या काळी दर वैशाखात शाकारणीला माणसे येत, कौले उतरवून पाहत, फुटकी बदलत आणि त्या निमित्ताने रीप, वासे, आढे यांवर हात फिरे. ती शाकारणी म्हणजे घराची वार्षिक तपासणीच होती, तिला कोणी तसे नाव दिले नव्हते इतकेच. आम्ही सगळे मुंबईला आलो, सात वर्षे कौले चाळली गेली नाहीत, आणि एका कोपऱ्यातल्या दोन फुटक्या कौलांतून पाणी वाशात मुरत राहिले. खालून लाकूड धड दिसत होते. सुताराने पटाशी टोचली तेव्हा ती मुठीपर्यंत आत गेली. वाळवीने आढ्यापर्यंत मजल मारली होती. दोन कौलांऐवजी अर्ध्या घराचे छप्पर नवे करावे लागले.

आणखी एक चूक आम्ही पैसे देऊन केली. ओल येते म्हणून बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला. जांभा पाणी शोषतो आणि उन्हात सोडतो. सिमेंटने ते पाणी बाहेर पडायचे थांबले आणि ओल घराच्या आतल्या बाजूने येऊ लागली. कारण न तपासता केलेली दुरुस्ती आजाराला खतपाणी घालते, हे मी त्या भिंतीकडे पाहून शिकले.

गच्चीखालचे_घर

सर्वांचे मनापासून आभार. पेन्सिलीने कडा आखल्या आहेत. आता दोन प्रश्न आहेत. एका जलरोधक कंपनीने तपासणी विनामूल्य करून देण्याची तयारी दाखवली आहे, ती घ्यावी का? आणि पर्वतीपायथा यांच्यासारखी वेळ आमच्यावर येऊ नये, म्हणून विक्रेत्यांशी कसे बोलावे?

स्थापत्य_२२

विनामूल्य तपासणी करणाऱ्याचे उत्पन्न दुरुस्तीतून येते, म्हणून त्याच्या अहवालाच्या शेवटी त्याच्याकडे असलेलेच औषध लिहिलेले आढळते. ज्याच्याकडे गच्चीचा लेप आहे त्याला पाणी गच्चीतून आलेले दिसते, आणि ज्याच्याकडे इंजेक्शन ग्राउटिंगचे (भेगेत दाबाने द्रावण भरण्याचे) यंत्र आहे त्याला भेगेत दोष दिसतो. निदान करणाऱ्याला दुरुस्तीच्या रकमेत कसलाही वाटा नसावा, यावर मी ठाम आहे. आमच्या व्यवसायातही सल्लागाराचे शुल्क दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरवण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही, कारण काम वाढले की शुल्क वाढते. मी तपासणीचे शुल्क ठरावीक रकमेत घेतो आणि संस्थांनीही तसेच मागावे.

गच्ची गळते की नाही हे ठरवायला साधा उपाय आहे. पाणी जाण्याची तोंडे बंद करून गच्चीच्या एका भागात दोन-तीन इंच पाणी ४८ ते ७२ तास तुंबवायचे आणि खालून पाहायचे. पण ज्या स्लॅबच्या सळया गंजल्याचा संशय आहे, त्याच्यावर हा भार टाकण्याआधी तो ते पेलेल का हे पाहिले पाहिजे, म्हणून ही चाचणी कंत्राटदाराच्या मर्जीने करू नये. काही संस्था गच्चीवर पत्र्याची शेड उभारून प्रश्न संपला असे मानतात. शेडमुळे पाऊस थांबतो, आधीच सुरू झालेला गंज थांबत नाही.

पुढे अंदाज मागताना एकूण रक्कम मागू नका, कामनिहाय दर मागा. कोणते काम, किती चौरस फूट किंवा किती ब्रास, कोणत्या जाडीचे आणि कोणत्या साहित्याचे, हे एकाच कागदावर स्वतः लिहून तिघांनाही तोच कागद द्या. मग तुमचा आठपट फरक बराच खाली येईल. गिलावा काढल्यावर परिमाण वाढते हे खरे आहे, म्हणून वाढीव परिमाणालाही तोच दर लागू राहील असे आधीच लिहून घ्या, प्रत्यक्ष मोजमापे नोंदवहीत दोघांच्या सह्यांनी लिहा, आणि ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे विचारायला विसरू नका.

खातेवही

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: थोडी इसार रक्कम देऊन साध्या शब्दांत लेखी समजुतीचा करार करावा. त्यात १५ दिवसांची तपासणीची मुदत, गंभीर संरचनात्मक दोष आढळल्यास इसार परत, आणि ताबा मिळण्याच्या तारखेपर्यंत संस्थेने ठरवलेली कोणतीही विशेष वर्गणी विक्रेत्यांची, अशा तीन अटी असाव्यात. मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा. ज्या विक्रेत्याला घर विकायचे आहे आणि लपवायचे काही नाही, तो हे सहसा नाकारत नाही.

नव्या_ताब्यात

नवीन घर घेणाऱ्यांसाठी एक भर घालते. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांत दोष आढळून तो विकासकाच्या निदर्शनास आणला, तर त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्या इमारतीत बहुतेकांनी गळतीबद्दल पर्यवेक्षकाला तोंडी सांगितले, त्याने दोनदा सिमेंट फासले, आणि पाच वर्षे संपली तेव्हा कोणाकडेही एक ओळ लेखी नव्हती. मी दर पावसाळ्यात छायाचित्रांसह ईमेल पाठवत होते म्हणून माझे काम झाले. आपल्याकडे नवे घर म्हणजे तपासणी नकोच असा समज असतो, आणि तो धोकादायकही ठरू शकतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली पाच मजली इमारत जुनी म्हणावी अशी नव्हती, तरीही त्यात १६ माणसे गेली.

पर्वतीपायथा

मी माझ्या मतात दुरुस्ती करतो. अटीशिवाय केलेली तपासणी वाया जाते असे मी म्हणायला हवे होते. तरीही एक शंका उरते: लहान गावांत आणि उपनगरांत असा स्वतंत्र अभियंता सहज मिळत नाही, आणि जो मिळतो तो अनेकदा कंत्राटदाराच्याच ओळखीचा असतो. परवान्याची आणि उत्तरदायित्वाची व्यवस्था जोपर्यंत सदनिकेच्या खरेदीपर्यंत पोहोचत नाही, तोपर्यंत हा भार जागरूक ग्राहकावरच पडत राहणार, हे मला योग्य वाटत नाही.

स्थापत्य_२२

शंका रास्त आहे. महापालिकेच्या यादीवरील संरचना अभियंत्यांपासून सुरुवात करावी, गेल्या वर्षभरात त्यांनी कोणत्या कंत्राटदाराबरोबर काम केले ते थेट विचारावे, आणि त्यांनी दिलेला एखादा जुना अहवाल पाहायला मागावा. त्यात छायाचित्रावर जागा आणि मोजमाप लिहिलेले नसेल, तर पुढचे नाव पाहावे.

गच्चीखालचे_घर

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. विक्रेत्यांनी तिन्ही अटी मान्य केल्या आणि आम्ही महापालिकेच्या यादीवरून अभियंता निवडला. शुल्क १४ हजार झाले.

बाल्कनीच्या बीमचे कव्हर केवळ ९ मिलिमीटर निघाले आणि कार्बोनेशन ३० मिलिमीटरपर्यंत पोहोचले होते, म्हणजे भेग गंजाचीच होती. शयनगृहात ताज्या रंगाखाली सुमारे ४० चौरस फूट छत पोकळ वाजले. उरलेले छत आणि कॉलम मात्र ठीक आहेत, त्यामुळे पावणेसात लाखांचे काम लागणार नाही. सर्वांत अनपेक्षित गोष्ट न्हाणीघराची. पेन्सिलीची रेषा भर मे महिन्यात डागाने ओलांडली. पाणी पावसाचे नव्हते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या नळाचा जोड स्लॅबमध्ये गळत होता. गच्चीवर कितीही महाग लेप लावला असता तरी ते पाणी थांबले नसते. हा नळ सामाईक असल्यामुळे आणि शेवटच्या मजल्याच्या छताची पाण्याने झालेली हानी उपविधींनुसार संस्थेच्या खर्चात येत असल्यामुळे, अभियंत्यांनी अहवालात संस्थेचा आणि सदनिकेचा खर्च दोन वेगळ्या रकान्यांत लिहिला. आमच्या रकान्यात १ लाख २५ हजार आले. विक्रेत्यांनी किंमत दीड लाखाने कमी केली, आणि बीमच्या कामासाठी संस्थेने सभा बोलावली आहे.

नळाचा जोड गेल्या गुरुवारी बदलला. विक्रेत्यांच्या परवानगीने डागाची नवी कड पुन्हा आखून शेजारी तारीख लिहिली आहे, आणि खरेदीखताची नोंदणी आम्ही त्यानंतरच्या तीन आठवड्यांनी ठेवली आहे.